ट्रॉम्बोनवाल्याचा पहिला अल्बम आणि त्यात तोच कमी वाजवतो: ग्रेशन मॉन्कर, 'इव्होल्यूशन'

हरिपूररोड

मंडळी, जॅझचा मागचा धागा भांडणात बंद पडला म्हणून हा नवीन काढतोय. "हे संगीत आहे का गोंधळ" हा विषय इथं नको, त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं पण येतो मी भांडायला.

विषय एकच अल्बम. ग्रेशन मॉन्कर तिसरा या ट्रॉम्बोनवाल्याचा (नळी आत-बाहेर करून वाजवायचं पितळी वाद्य) लीडर म्हणून, म्हणजे स्वतःच्या नावावर, पहिला, 'इव्होल्यूशन'. नावात तिसरा आहे कारण बाप पण ग्रेशन मॉन्करच, सॅव्हॉय सुलतान्स बँडात बास वाजवायचा. पोरगं १९३७ चं, जन्म न्यूयॉर्कचा पण वाढलं शेजारच्या नेवार्कमध्ये. ब्लू नोट कंपनीनं हा अल्बम २१ नोव्हेंबर १९६३ ला न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत रेकॉर्ड केला, बाजारात आला १९६४ ला. चारच चिजा, चाळीस मिनिटांच्या आसपास.

आता माणसं बघा कोण कोण आहेत. ट्रम्पेटवर ली मॉर्गन, अल्टो सॅक्सवर जॅकी मॅक्लीन, व्हायब्राफोनवर बॉबी हचरसन, बासवर बॉब क्रॅनशॉ आणि ड्रमवर टोनी विल्यम्स, ज्याला त्या दिवशी अठरा पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते आणि तोवर तो नामांकित ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडात जाऊन बसला पण होता. लीडर स्वतः सव्वीसचा. पियानो नाहीच, त्याच्या जागी व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्या काठ्यांनी वाजवायच्या, खाली पेडल असतं त्यानं सूर लांबवता येतो किंवा तोडता येतो.

मला जे म्हणायचंय ते असं की पहिला अल्बम म्हणजे साधारण माणूस काय करतो, आपलं वाद्य पुढं करतो, बघा मी किती जोरात वाजवतो ते. ह्यानं तसं केलंच नाही. चारीच्या चारी चाली त्याच्या, पण त्या अशा बांधल्यात की त्यात जागा सोडलीय, आणि त्या जागेत बाकीचे पाच जण जे वाजवतात ते त्यांच्या स्वतःच्या अल्बममध्ये सुद्धा तसं वाजवत नाहीत. ली मॉर्गन तर विशेष. बरोबर एका महिन्यानं, २१ डिसेंबरला, त्यानं 'साइडवाइंडर' रेकॉर्ड केला, तो तुफान खपला आणि लोकांच्या डोक्यात तोच मॉर्गन बसला, ठेक्यावर नाचणारा. इथला मॉर्गन थांबतो, विचार करतो, अर्धी ओळ सोडून देतो. हे कुणी करून घेतलं त्याच्याकडून?

ऐकून मग बोला. आधी दुसरी चीज लावू नका, ती बारा मिनिटांच्या वर आहे आणि लई संथ आहे, घाबराल. तिसरी 'द कोस्टर' लावा.

रात्रपाळी

हरिपूरदादा, मी एमआयडीसीत रात्रपाळीला हेडफोन लावून ऐकला (सुपरवायझर इथं नाहीये ना कोणी). चांगलाय पण मुद्दा पटला नाही. हा मॅक्लीनचाच बँड आहे ओ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॅक्लीनचा 'वन स्टेप बियाँड' झाला त्यात मॉन्कर, हचरसन, टोनी तिघं पण आहेत, फक्त बासवाला वेगळा. टोनीला बोस्टनवरनं न्यूयॉर्कला आणला कुणी, मॅक्लीननं. मग सप्टेंबरात 'डेस्टिनेशन आउट', त्यात पण मॉन्कर आणि हचरसन. म्हणजे वर्षभर मॅक्लीननं तयार केलेली टीम उचलली, एक ट्रम्पेटवाला वाढवला आणि नाव दिलं ट्रॉम्बोनवाल्याचं. ह्याला लीडर म्हणायचं का?

हरिपूररोड

रात्रपाळी, आता त्या दोन अल्बममधल्या चाली कुणाच्या ते बघ. पहिल्यात चारातल्या दोन मॉन्करच्या, 'फ्रँकेन्स्टाइन' आणि 'घोस्ट टाउन'. दुसऱ्यात चारातल्या तीन मॉन्करच्या. मग कुणी कुणाची टीम उचलली भावा? नाव मॅक्लीनचं होतं, रेकॉर्डिंगची तारीख त्याला मिळत होती, पण कागदावरचं संगीत निम्म्याहून जास्त ह्या पोराचं. 'इव्होल्यूशन'मध्ये फक्त पाटी बदलली.

कडकलक्ष्मी

दोघांचं पण अर्धंच बरोबर आहे. मॅक्लीननं मोठेपणा दाखवला हे खरं, नाव झालेला माणूस स्वतःच्या रेकॉर्डवर दुसऱ्याच्या तीन-तीन चाली घेत नाही सहसा. आणि नंतर त्याच पोराच्या बँडात दुय्यम होऊन येऊन वाजवतो. हे आपल्याकडं कितीजण करतील?

अजून एक. हा अल्बम उदास आहे, अंधारा आहे वगैरे नेटवर वाचाल आणि लगेच लोक केनेडीला जोडतात. तारखा बघा. रेकॉर्डिंग २१ नोव्हेंबरला आणि केनेडींना गोळ्या घातल्या २२ ला. आधीच्या दिवशी ह्यांना काय स्वप्न पडलं होतं का? पहिल्या चिजेचं नाव 'एअर रेड' आहे, हवाई हल्ला, आणि ती भीती त्या काळात आधीपासनंच हवेत होती, क्यूबाच्या क्षेपणास्त्रांचं प्रकरण होऊन जेमतेम वर्ष झालेलं. तेवढं पुरे आहे, अजून दंतकथा नकोत.

मागच्या_ओळीतला

नमस्कार. मी सांगलीत बऱ्याच वर्षं ब्रास बँडात ट्रॉम्बोन वाजवलाय, लग्नं, वरात, गणपती. आता बँड बंद झाला, आधी बेंजो पार्ट्या आल्या मग डॉल्बी आली, आता तांब्या-पितळेच्या बँडाला सुपारी कोण देतोय. मुलानं हा धागा दाखवला म्हणून लिहितोय, टायपिंग पण तोच करतोय, चुका त्याच्या.

जॅझ मी ऐकलेला नव्हता, हे चारी ऐकले. लीडरबद्दल तुम्ही जे बोलताय त्यात वाद्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. ट्रॉम्बोनला ट्रम्पेटसारखी तीन बटणं नाहीत. नळी आत-बाहेर करायची, सात जागा असतात, पूर्ण आत म्हणजे पहिली आणि हात सगळा लांब केला की सातवी, लहान पोराचा तर हात पोचतच नाही. कुठल्याच जागेवर खूण नसते, कानानं शोधायची. एकाच जागेवर ओठ आवळून-सोडून पाच-सहा सूर निघतात ते वेगळंच. आणि मुख्य अडचण म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर जाताना नळी सरकते, तेव्हा मधला सगळा आवाज पण येतो, तो नको असला तर प्रत्येक सूर जिभेनं तोडावा लागतो. ट्रम्पेटवाला बटण दाबून मोकळा होतो. म्हणून जलद वाजवणं ट्रॉम्बोनवर अवघड आणि म्हणूनच बँडात आम्हाला मागं उभं करतात, ठोकळा सूर द्यायला. मास्तर कायम क्लॅरिनेटवाला नाहीतर ट्रम्पेटवाला. ट्रॉम्बोनवाला मास्तर झालेला मी सांगली-मिरजेत बघितला नाही.

आणि अजून एक मजा, विलायती बँडात कवायतीला ट्रॉम्बोनवाले पुढच्या ओळीत असतात कारण नळीला पुढं जागा लागते. आमच्याकडं मिरजेच्या गल्लीतनं वरात निघाली की पुढं नाचणारी पोरं, नळी लांब केली की एखाद्याच्या टाळक्यात. म्हणून बरेचजण बटणवाला ट्रॉम्बोन घ्यायचे मेरठचा. मी नळीचाच वाजवला, डोकी सांभाळून.

हरिपूररोड

मागच्या ओळीतले काका, सलाम!! हे कुणालाच माहीत नव्हतं इथं.

तुम्ही म्हणता ते जलद वाजवायचं काम जे. जे. जॉन्सननं केलं, १९४० च्या दशकात. बीबॉप नावाचा भयंकर वेगाचा प्रकार तेव्हा सॅक्स आणि ट्रम्पेटवाल्यांनी काढलेला, त्यात ट्रॉम्बोन बाहेरच फेकला जाणार होता, ह्या माणसानं नळीवर तो वेग काढला, इतका साफ की लोकांना वाटायचं बटणवालाच असणार. त्याच्यानंतर प्रत्येक ट्रॉम्बोनवाल्यासमोर प्रश्न, आता ह्याच्यापुढं काय? कर्टिस फुलर आला, त्याचा पहिला अल्बम १९५७ चा, नावच 'न्यू ट्रॉम्बोन', आणि त्याच वर्षी सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'वर पण तोच. दणदणीत माणूस, पण रस्ता साधारण जॉन्सनचाच, वेग आणि सफाई. मॉन्करनं काय केलं की वेगाची शर्यतच सोडली. त्यानं संगीत असं लिहिलं की त्यात जलद वाजवणं हा गुण राहत नाही. माझा सगळा मुद्दा हाच आहे, काकांनी तो वाद्याच्या बाजूनं सांगितला.

मिरजकर_तारा

आम्ही सतारमेकर गल्लीतले, घरात तंबोरे होतात. (२०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते सांगायची संधी सोडत नाही 😄)

दुसरी चीज, 'इव्होल्यूशन', मी मुद्दाम कामाच्या वेळी लावली. ट्रम्पेट, सॅक्स, ट्रॉम्बोन तिघं मिळून लांबच्या लांब सूर धरून बसतात आणि त्याच्यावर एकेकजण बोलतो. वडील जवारी काढत होते (तंबोऱ्याची घोडी घासून सूर गुंजता करतात ते), त्यांनी मान वर केली आणि विचारलं हे काय लावलंयस. मी म्हटलं अमेरिकेचं आहे. म्हणाले लावून ठेव. त्यांच्याकडनं एवढंच म्हणजे खूप झालं.

मला ते तंबोऱ्यासारखं वाटलं. मागं सूर भरून आहे आणि गाणारा त्यात शिरतोय. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, उरुसात त्यांच्या नावानं अजून गाणं होतं दर्ग्यात, आमच्याकडं मोठी माणसं सांगतात की त्यांचा सूर लागला की शब्द कळायच्या आधी माणूस शांत व्हायचा. ते १९३७ ला गेले, आणि मॉन्कर जन्मला पण १९३७ ला हे आत्ता वर वाचून कळलं. योगायोग आहे, कडकलक्ष्मीताई रागावू नका.

कडकलक्ष्मी

रागावत नाही पण तंबोरा म्हणू नका. तंबोरा सा-प सोडत नाही, त्याच्यावर विसंबून गाणारा कुठंही जाऊन परत येतो. ह्या चिजेत ते धरलेले सूर बदलतात, एक थर असतो, तुम्हाला वाटतं आता हे घर झालं, आणि तो सावकाश दुसरीकडं सरकतो. म्हणजे परत यायला जागाच नाही. त्यामुळंच ती बारा मिनिटं अस्वस्थ करतात, शांत नाही करत. तुमच्या वडिलांना काय आवडलं ते खरंच विचारून सांगा, मला वाटतं नुसता लांब धरलेला सूर आवडला असेल, तिघांचा श्वास एकत्र ठेवणं सोपं नाही.

मिरजकर_तारा

विचारलं. म्हणाले "सुरात आहेत आणि घाई नाही." बाकी तुमचा मुद्दा बरोबर आहे ताई, सा शोधायला गेलो तर सापडला नाही. तरीपण ऐकताना बसायची पद्धत तीच लागते, एवढं म्हणायला परवानगी द्या.

आबा_सातारकर

उशीरा आलो, साताऱ्यात दोन दिवस रेंज नाही पावसानं.

ज्यांनी जॅझ कधीच ऐकला नाही त्यांच्यासाठी. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग त्या चालीच्या सांगाड्यावर, म्हणजे तेवढ्याच मात्रा आणि तेच सुरांचे गट क्रमानं, एकेकजण उपज करतो, म्हणजे त्या क्षणी सुचेल ते वाजवतो, शेवटी परत चाल. सम शोधू नका, पण आवर्तन मात्र असतंय. बासवाला चालत राहतो, त्याच्यावर कान ठेवला तर हरवत नाही. हे कळलं की 'द कोस्टर' लगेच उलगडते. 'एअर रेड'मध्ये मॉन्करनं ह्याच सांगाड्याशी खेळ केलाय, एक भाग थांबलेला, धास्तीचा, आणि त्यातनं एकदम पळणारा भाग, परत थांबलेला. उपज करणाऱ्याला दोन्हींतनं जावं लागतं, म्हणजे पळायचं आणि अचानक उभं राहायचं. टोनी विल्यम्स तिथं काय करतो ते फक्त झांजेकडं लक्ष देऊन ऐका. सतरा वर्षांचं पोर, आणि कुठं वाजवायचं नाही हे त्याला कळतंय. आमच्याकडं सतराव्या वर्षी पोरं ढोलपथकात कान फोडतात.

चौथी 'मंक इन वंडरलँड', थेलोनिअस मंकला सलाम. मंक पियानोवाला, आणि इथं पियानोच नाही! हा वात्रटपणा मला फार आवडतो. चाल वाकडी, खोडकर, हचरसन काठ्यांनी मंकच्या अडखळत्या जागा दाखवतो.

मुंबईत आपल्याकडं जॅझ ताज हॉटेलात तीसच्या दशकापासनं होता, गोव्याचे वादक ते वाजवून दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जायचे. १९७८ ला जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, सॅक्सवाला सनी रोलिन्स आलेला. मॉन्करनं पण रोलिन्सबरोबर वाजवलंय साठच्या दशकात. रे चार्ल्सच्या बँडात पण होता त्याच्याआधी, आणि आर्ट फार्मर-बेनी गोल्सनच्या जॅझटेटमध्ये. म्हणजे अचानक आकाशातनं पडलेला नाही, मागच्या ओळीत उभा राहून शिकलेला माणूस.

मागच्या_ओळीतला

आबा, मागच्या ओळीतनं सगळं दिसतं. कोण चुकतंय, मास्तर कधी कंटाळलाय, सगळं. पुढचा फक्त नवरदेव बघतो.

एक विचारायचं होतं, ह्या लोकांनी हे एका दिवसात कसं केलं? आमच्याकडं नवीन गाणं बसवायचं तर दोन-तीन रात्री जायच्या.

आबा_सातारकर

ब्लू नोटची एक गोष्ट प्रसिद्ध आहे, मालक आल्फ्रेड लायन रिहर्सलचे पैसे द्यायचा. बाकी छोट्या कंपन्या वादकांना थेट स्टुडिओत उभ्या करायच्या, ओळखीची गाणी वाजवा आणि निघा. लायन नवीन चाली मागायचा आणि त्या बसवायला वेळ विकत घ्यायचा. म्हणून असल्या अवघड चाली एका दिवसात टेपवर आल्या. व्हॅन गेल्डर पण गमतीचा माणूस, १९५९ पर्यंत दिवसा डोळे तपासून चष्मे द्यायचा आणि आई-वडलांच्या घरच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. मग उंच लाकडी छताचा स्वतःचा स्टुडिओ बांधला, 'इव्होल्यूशन' तिथला.

मागच्या_ओळीतला

रिहर्सलचे पैसे!! आम्हाला चहा आणि एका वेळी भडंग.

रात्रपाळी

सगळं वाचलं. चालींचं मान्य. पण मग हा माणूस मोठा का नाही झाला? ली मॉर्गन, टोनी, हचरसन सगळ्यांची नावं माहितीयत, ह्याचं मला ह्या धाग्यावर कळलं. लीडर चांगला असता तर बँड टिकला असता ना.

हरिपूररोड

टिकायला तो कायमचा बँड नव्हताच. ब्लू नोटवर सहा जण एका दिवसासाठी यायचे, दुसऱ्या दिवशी ज्याच्या-त्याच्या कामाला. टोनी माइल्सकडं परत गेला. मॉर्गनचं 'साइडवाइंडर' खपलं आणि कंपनीला पुढं सगळ्यांकडनं तसंच एखादं ठेक्याचं गाणं हवंसं झालं, अशा वेळी बारा मिनिटं संथ धरलेले सूर कोण मागतंय. मॉन्करचे ब्लू नोटवर लीडर म्हणून दोनच अल्बम झाले, हा आणि १९६४ चा 'सम अदर स्टफ'. मग १९६९ ला पॅरिसला जाऊन 'न्यू आफ्रिका' केला, सत्तरच्या दशकात अजून थोडं काम, नंतर मधे फार मोठा खंड, २००४ ला 'एक्सप्लोरेशन' आला. गेला ३ जून २०२२ ला, ८५ व्या वाढदिवसालाच.

माझं मत सांगतो, पटो न पटो. खप हा लीडरचा हिशोब नाही. रेकॉर्ड लावल्यावर सहा जणांतनं प्रत्येकजण नेहमीपेक्षा वेगळा ऐकू आला की नाही, हा आहे.

कडकलक्ष्मी

हे जरा भाबडं झालं. खप नाही तर पुढची तारीख नाही, पुढची तारीख नाही तर लीडर घरी. मॉन्करचं नुकसान झालंच आणि त्याला गोड नाव देऊ नका.

पण रात्रपाळीच्या मूळ आक्षेपाची तपासणी करता येते. दुसरा अल्बम 'सम अदर स्टफ' लावा. ६ जुलै १९६४. त्यात मॅक्लीन नाही, मॉर्गन नाही, हचरसन नाही. सॅक्सवर वेन शॉर्टर, पियानोवर हर्बी हॅनकॉक, बासवर सेसिल मॅकबी. जुन्यातला फक्त टोनी. आता मॅक्लीनची टीम असल्यामुळं सगळं जमलं असेल तर इथं ते गळून पडायला पाहिजे. पडतंय का ते ऐकून सांगा.

रात्रपाळी

ऐकला ताई, कालची पूर्ण पाळी त्यातच गेली. नाही पडत. उलट पहिल्यापेक्षा मोकळा आहे, पहिल्या चिजेत तर ठेकाच सापडत नाही बराच वेळ आणि तरी सगळे एकत्र आहेत. मॅक्लीनचा मुद्दा मी मागं घेतो. पण शेवटची 'नोमॅडिक' काय आहे? जवळजवळ सगळी चीज ड्रमवरच. बहुतेक टोनीच. लीडरनं स्वतःच्या अल्बममधली शेवटची सात-आठ मिनिटं ड्रमवाल्याला देऊन टाकली आणि आपण मागं सरकला. ह्याला काय म्हणायचं आता, हरिपूरदादा म्हणणार हीच लीडरकी. मला वाटतं जरा जास्तच झालं, ट्रॉम्बोन ऐकायला पैसे दिलेत माणसानं.

मागच्या_ओळीतला

आमच्या मास्तरनं वरातीत असं ढोलवाल्यावर सोडून दिलं असतं तर पार्टीनं तेवढ्या वेळाचे पैसे कापले असते. मी ऐकली ती चीज. पोरगं वाजवतंय चांगलं. पण ट्रॉम्बोन पाहिजे होता अजून थोडा, शेवटी तरी.